वीरगळांशेजारी पाटी लावायची ठरलीय, पण पाटीवर लिहायचं काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गावच्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय, अंगणात पिंपळाखाली सहा कोरीव दगड आहेत, कमिटीला ते नव्या टाइल्समध्ये सिमेंटने एका ओळीत बसवायचेत, वरून ऑइलपेंट मारायचाय आणि शेजारी काळ्या ग्रॅनाइटची पाटी लावायचीय – 'शिवकालीन मावळ्यांच्या समाध्या, इ.स. १६७०'. त्यातल्या एका दगडावर 'घाणेरडं चित्र' आहे म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसवायचं घाटतंय. तुम्ही विचारलंय की दगड नक्की कधीचे आणि पाटी बरोबर आहे का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यामानाने सोपं आहे. खरी अडचण पाटीची आहे. कारण एकदा ग्रॅनाइटवर काही कोरलं की पुढची पन्नास वर्षं दगड कोणी बघत नाही, सगळे पाटी वाचतात, पाटीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, शाळेतली पोरं प्रकल्पात तेच उतरवतात, आणि मग गावाचा इतिहास म्हणजे ती पाटी होऊन बसते. मी वीसेक वर्षं गावोगाव असले दगड नोंदवत फिरतोय आणि चुकीच्या पाटीचं पाप माझ्याही नावावर आहे, ते खाली सांगतोच.

आधी एक कबुली. मी चार मोबाईल फोटोंवरून बोलतोय, त्यातले दोन भर दुपारच्या उन्हात काढलेत आणि एकात दगडापेक्षा तुमच्या मित्राची चप्पल जास्त स्पष्ट आलीय. त्यामुळे जे दिसतंय तेवढंच सांगतो, बाकी जागेवर बघितल्याशिवाय नाही.

सहापैकी चार तर सरळ सरळ वीरगळ आहेत. समाधी नाही हां, खाली कोणी पुरलेलं नसतं. लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड. हा शब्द आपल्याकडे कन्नडातून आलाय, तिकडे वीरगल्लु, कल्लु म्हणजे दगड. तमिळनाडूत नडुकल म्हणतात, गुजरातेत पाळिया. वाचायचा खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, त्याच्या वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, बहुतेक वेळा बाजूला पुजारीही असतो, आणि माथ्यावर कलश. कुठे तीन चौकटी, कुठे चार, पण गोष्ट एकच – मेला, स्वर्गात गेला, देवाजवळ पोचला. तुमच्या दुसऱ्या फोटोत खालच्या चौकटीत डावीकडे ज्या गुबगुबीत आकृत्यांना तुम्ही 'कुत्री असावीत' म्हटलंय त्या गाई आहेत, झूम करून शिंगं बघा. म्हणजे हा माणूस कुठल्या मोठ्या राजाच्या लढाईत गेलेला नाही, गावची गुरं पळवायला आलेल्या टोळीशी लढताना गेला. त्या काळी गुरं म्हणजे चालतंबोलतं धन, त्यामुळे गोधनासाठी मेलेल्यांचे वीरगळ आपल्याकडे भरपूर सापडतात. मला विचाराल तर कुठल्याही किल्ल्याच्या लढाईपेक्षा हा दगड तुमच्या गावाचा जास्त आहे.

पाचवा दगड, ज्यावर कोपरात वाकलेला एकच हात आणि त्यात बांगड्या, तो सतीचा. वर चंद्र-सूर्य आहेत, म्हणजे चंद्र-सूर्य असेतोवर हिची आठवण राहील. त्यापलीकडे तिच्याबद्दल दगड काही सांगत नाही, नाव नाही, वय नाही, तिला विचारलं होतं का तेही नाही. पाटीवर 'सतीमातेचं पवित्र बलिदान' वगैरे लिहू नका एवढी विनंती, 'सतीशिळा' पुरे.

आता 'कधीचे' याबद्दल. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. कर्नाटकात उलट, तिकडे नावगाव, राजा, साल सगळं कोरलेलं कितीतरी वेळा मिळतं, अगदी कुत्र्याचंसुद्धा! मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरला दहाव्या शतकातला एक दगड आहे, रानडुकराशी लढून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याच्या आठवणीचा. आपल्याकडे एवढी चैन नाही. मग आम्ही लोक काय बघतो, तर केस, कपडे, शस्त्रं, कलशाची घडण, आजूबाजूला जुन्या देवळाचे अवशेष आहेत का. तुमच्या फोटोतल्या वीरांचे केस मागे अंबाड्यासारखे बांधलेत, अंगात अंगरखा नाही, डोक्याला पागोटं नाही, बंदूक कुठेच नाही. पिंपळाखाली जो नक्षीचा तुकडा पडलाय तोही जुन्या दगडी देवळाचा वाटतो. हे सगळं धरून मी म्हणेन शिलाहार आणि यादव राजघराण्यांचा काळ, म्हणजे ढोबळमानाने अकरावं ते चौदावं शतक. एवढा मोठा पल्ला का देतोय तर यापेक्षा बारीक सांगायला माझ्याकडे पुरावा नाही म्हणून. वीरगळ उभारायची पद्धत नंतरही कुठे कुठे चालू राहिली, त्यामुळे एखादा दगड उशिराचा निघू शकतो, पण १६७० म्हणायला या चारांत काहीही नाही.

कमिटीतले लोक म्हणतील, 'पण मोठे मोठे अभ्यासक तर साल सांगतात की.' सांगतात, पण कसं सांगतात ते बघा. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला सहा वीरगळ आहेत, त्यातले मोठे तर चांगले दहा फुटांच्या आसपास, आणि चक्क समुद्रावरची लढाई कोरलीय, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं, एकमेकांवर चालून जाणारी. अभ्यासक तो प्रसंग साधारण १२६५ च्या सुमारास यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेल्या लढाईशी जोडतात. पटण्यासारखं आहे, कारण एवढी मोठी आरमारी लढाई त्या भागात, त्या काळात दुसरी कुठली हा प्रश्न येतोच. पण हे जोडणं माणसांनी केलंय, दगडाने नाही. म्हणून जबाबदारीने लिहिणारा 'मानलं जातं' लिहितो. तो एक शब्द जागा खातो, पाटीवर कोरायला पैसे जास्त पडतात, तरी ठेवायचा.

आता माझी चूक. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गावात बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीच्या, पायरीवर दोन ओळींचा लेख होता. संध्याकाळची वेळ, मी टॉर्च तिरकी धरून आकडा वाचला, शके १५९२. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १६७०. सिंहगडाचं साल! गावातली पोरं शेजारी उभी होती, मी मोठ्यांदा वाचलं आणि सगळ्यांचे चेहरे असे उजळले की विचारू नका. खरं सांगायचं तर माझापण उजळला. दुसरी ओळ चुन्याखाली दबलेली होती, ती साफ करून वाचायला पाहिजे होती, पण अंधार पडला, चहा आला, आणि मी म्हटलं मुख्य तर मिळालंय. महिनाभरात पाटी लागली. काही वर्षांनी एक तरुण मुलगी, लिपीचा अभ्यास करणारी, तिने चुना भिजवून भिजवून सावकाश काढला आणि खालच्या ओळीत निघालं 'विकृति नाम संवत्सरे'.

इथे जरा थांबतो, कारण ही युक्ती तुम्हाला उपयोगी पडेल. आपल्याकडे साठ संवत्सरांची नावं एकामागून एक फिरत असतात, प्रभवपासून क्षयपर्यंत. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १५९२ अधिक १२ म्हणजे १६०४, बाकी ४४, चव्वेचाळीसावा साधारण. विकृति आहे चोविसावा. जुळत नाही. मग तिने आकडा परत बघितला, मी ज्याला ५ म्हणत होतो त्याच्या खालच्या वळणात दगडाचा पापुद्रा उडालेला, तो होता ६. शके १६९२, अधिक १२ म्हणजे १७०४, बाकी २४. विकृति. म्हणजे १७७०, पेशवाई. बरोबर शंभर वर्षांनी चुकलो होतो, आणि चुकलो कारण मला १६७० पाहिजे होतं. तोपर्यंत गावात २०२० च्या 'साडेतीनशेव्या वर्षा'ची वर्गणी सुरू झालेली. लॉकडाऊनने कार्यक्रम बारगळला म्हणून मी वाचलो. पाटी अजून तशीच आहे. मी दोनदा जाऊन सांगितलं, दोन्ही वेळा चहा मिळाला.

याच हिशोबाने अलिबागजवळच्या अक्षीचा लेख बघा. मराठीतला सर्वात जुना कोरीव लेख म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. जुन्या मराठी कोरीव लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी तो शके ९३४, म्हणजे १०१२ चा वाचला. आकड्यावरून वाद झाले, पण लेखात शकाबरोबर 'प्रधावि' म्हणजे परिधावी संवत्सर आलंय. ९३४ अधिक १२, ९४६, बाकी ४६, आणि सेहेचाळीसावा परिधावीच. आकडा एकटा असला की माणूस फसतो, दुसरा साक्षीदार शोधायचाच.

अक्षीवरून तुमच्या सहाव्या दगडावर येतो, कारण अक्षीचा दगड आणि तुमचा 'घाणेरडा' दगड एकाच जातीचे, गद्धेगळ. वर चंद्र-सूर्य-कलश, मध्ये लेख किंवा लेखाची जागा, खाली गाढव आणि बाई. राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन, धान्य, एखादं उत्पन्न दान दिलं की ते कोणी मोडू नये म्हणून हा शाप असायचा: जो हे दान बुडवेल त्याच्या आईची अशी विटंबना होईल. शिलाहार आणि यादवांच्या काळात हे दगड बऱ्यापैकी दिसतात, कोकणात तर खूपच. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही कळावं म्हणून चित्र. जमीन बळकावणार पुरुष आणि शिवी मात्र त्याच्या आईला, ही आपली जुनीच रीत, त्याबद्दल लाज वाटली तर वाटू द्या, मलापण वाटते. पण दगड भिंतीकडे फिरवू नका. एक तर इतिहासाच्या दृष्टीने सहांतला हाच सगळ्यात बोलका, तुमच्या गावात कधीतरी कोणीतरी रीतसर दान दिलं होतं, ते राखायला एवढी कडक धमकी लागत होती, हे हा एक दगड सांगतो. दुसरं म्हणजे अक्षर सापडायची शक्यता असलीच तर याच्यावरच. मधल्या चौकटीत मला फोटोत आडव्या रेघांसारखं काहीतरी दिसतंय, छिन्नीच्या खुणा असतील, अक्षरं असतील, सांगता येत नाही.

ते बघायला काय करायचं तर ऊन उतरल्यावर किंवा सकाळी लवकर फोटो काढा, उजेड बाजूने तिरका पडला पाहिजे. ढगाळ असेल तर रात्री टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने मारा, मग दुसऱ्या बाजूने. साधं पाणी शिंपडलं तर चालतं. खडू, पीठ, हळद, कोळसा काहीही चोळू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, वाळूचा फवारा यातलं काही कोणी सुचवलं तर त्याला सरळ देवळाबाहेर काढा, आठशे वर्षं पावसाने जेवढं झिजवलं नसेल तेवढं एका दुपारी झिजतं. अक्षर दिसलं तर कागदावर ठसा घेणाऱ्या जाणकाराला बोलवा, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे चौकशी करा. आणि हो, दगडाचा खालचा भाग जमिनीत गाडलेला असतो, कधी कधी अक्षर नेमकं तिथेच. पाठपण बघा. पाठ कोणी बघत नाही.

ऑइलपेंटला ठाम नाही म्हणा. रंगाने दगडाचं श्वसन बंद होतं वगैरे मोठं न बोलता कमिटीला एवढंच सांगा की रंगाखाली पाणी अडतं आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर रंगाबरोबर दगडाची खपलीपण येते. सिमेंटचंही तेच, वर एकदा सिमेंटात बसवलेला दगड परत न फोडता निघत नाही. जागा हलवायचीच असेल तर (मी म्हणेन हलवू नका, पण देवळाचा पायाच तिथे येत असेल तर इलाज नाही) आधी प्रत्येक दगडाचे चारी बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी, कुठल्या दिशेला तोंड होतं, किती गाडलेला होता, सगळं वहीत. मग गोणपाट गुंडाळून दोराने, माणसांनी उचलायचा. जेसीबीच्या दातांना वीरगळ आणि मुरूम यातला फरक कळत नाही. नव्या जागी खड्डा, खाली मुरूम-वाळू, पाणी निघून जाईल असा उतार, आणि दगड उभा राहील इतपत चुना. टाइल्स दोन फूट लांब थांबवा.

शेंदराचं मात्र वेगळं आहे. पहिल्या दगडाला तेल-शेंदूर लागतोय, अमावस्येला एक घर नैवेद्य दाखवतं असं तुम्ही लिहिलंय. ते बंद करा असं मी कधीच सांगत नाही. ती पूजा होती म्हणून तो दगड आजवर कोणाच्या जोत्यात गेला नाही. उलट त्या घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. मान त्यांच्याकडेच का, कोणापासून आला, दगडाला ते काय नावाने हाक मारतात. 'मावळ्यांची समाधी' ही गोष्ट पण कुठून तरी आली असेल, कदाचित गावातली एखादी खरी आठवण नंतर या दगडांना चिकटली असेल. ती फेकून द्यायची नाही, फक्त तिच्या जागी ठेवायची: 'गावात असं सांगतात'. तशाही माझ्या अनुभवात कमिटीची म्हातारी मंडळी 'हे शिवकालीन नाही' म्हटल्यावर नाराज होतात, पण 'हे शिवाजी महाराजांच्याही तीनशे ते सहाशे वर्षं आधीचं असावं' म्हटलं की लगेच खुर्ची पुढे ओढून बसतात. खरं तेच आहे, फक्त कुठल्या टोकाने सांगायचं ते बघा.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, त्यामुळे विकणं, कोणा 'संग्राहका'ला देणं हा विषयच नको. तुमचे दगड संरक्षित यादीत आहेत का हे माहीत नाही म्हणताय, तर राज्य पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांना फोटोंसकट एक पत्र द्या, पोच घ्या, आणि ग्रामसभेत 'हे दगड गावाचे आहेत, हलवायचे-रंगवायचे नाहीत' असा ठराव करून घ्या. ठराव जास्त कामाला येतो, हे अनुभवाने सांगतो.

आता पाटी. ग्रॅनाइट नको असं माझं मत, कारण चूक सुधारता येत नाही, वर सांगितलंच. स्टीलच्या पत्र्यावर किंवा चांगल्या ॲक्रिलिकवर करा, दहा वर्षांनी बदलता येते. दगडाला भोक पाडून लावायची नाही, बाजूला स्वतंत्र खांबावर. देणगीदारांची नावं वेगळ्या पाटीवर, नाहीतर वीरापेक्षा सरपंच मोठा होतो. मजकूर मी असा लिहिला असता, गावचं नाव तुम्ही घाला:

'या अंगणात चार वीरगळ, एक सतीशिळा आणि एक गद्धेगळ आहे. वीरगळ म्हणजे लढताना मरण आलेल्यांची स्मारकं, ती खालून वर वाचावीत. डावीकडून दुसऱ्या दगडावर गावची गुरं वाचवताना पडलेला वीर दिसतो. गद्धेगळ हा दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड आहे. घडणीवरून हे दगड अंदाजे अकराव्या ते चौदाव्या शतकातले मानता येतात, त्यांवर नाव किंवा साल अद्याप वाचलेलं नाही. हे मावळ्यांचे दगड आहेत असं गावात सांगतात. कृपया तेल, रंग, खडू लावू नये. पहिल्या दगडाची पूजा परंपरेने चालू आहे.'

शेवटच्या दोन वाक्यांवर तुमच्याकडे भांडण होणार, कारण तेल नको म्हणायचं आणि एका दगडाला चालू ठेवायचं. होऊ द्या, ते गावाने बसून ठरवावं, मी बाहेरचा.

'अद्याप वाचलेलं नाही' हे शब्द मात्र काढू नका, आणि तोपर्यंत त्या सहाव्या दगडाच्या मधल्या चौकटीचे तिरक्या उजेडातले फोटो टाका, डावीकडून एक, उजवीकडून एक, शेजारी पट्टी ठेवून. चप्पल नको.